तेल प्यालेली काडतुसं

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, आणि बुलढाणा-खामगावच्या मधल्या डोंगरात एका तलावाच्या मोजणीसाठी लागलेल्या कॅम्पवर मला नोकरी मिळाली होती. नोकरी हंगामी. कॅम्प आहे तोवर पगार, कॅम्प उठला की घर. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे आनंद कायम नोकरीचाच झाला. वडील मेहकरच्या बाजारात भाजी विकत. वांगी तोलता तोलता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "पोरगं सरकारात लागलं." कोणी विचारलं, "हंगामी का कायम?" की ते वांग्याचा भाव सांगत.

कॅम्प म्हणजे अंजनाच्या झाडांखाली ठोकलेल्या राहुट्या. मुख्य होते ओव्हरसियर साहेब, पलटणीतून निवृत्त होऊन या खात्यात आलेले. उंच, ताठ, आवाज असा की राहुटीतून हाक मारली तर नाल्यापलीकडची गुरं मान वर करत. बाकी सगळे खलाशी, म्हणजे मोजणीच्या कामावरचे मजूर. त्यात पट्टीवाले मामा सर्वांत जुने. ते दुसरबीडकडचे. मोजणीत एक माणूस तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघतो आणि दुसरा लांब जाऊन आकडे लिहिलेली लाकडी पट्टी उभी धरतो. त्यावरून जमीन किती चढली, किती उतरली ते कळतं. दुर्बिणीशी मी, पट्टीशी मामा. पट्टीवाला सगळ्यांच्या पुढे, एकटा, झाडीत असतो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमची मोजणीची रेघ सरळ एका खोल नाल्यातून जायची होती. आम्ही नाल्याच्या तोंडाशी पोचलो आणि त्याच आठवड्यात तिथे डिंक गोळा करणाऱ्या एका माणसाला अस्वलाने धरलं. त्याला बैलगाडीत घालून खामगावच्या दवाखान्यात नेताना आम्ही पाहिलं. चेहऱ्यावर धोतर गुंडाळलेलं होतं आणि ते पूर्ण लाल होतं. जीव वाचला, एक डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खलाशी कामाला उठलेच नाहीत. चुलीभोवती बसून राहिले.

"काऊन रे, बसून काऊन राह्यले?" साहेब मुद्दाम त्यांच्या बोलीत म्हणाले.

"साहेब, त्या नाल्यात आम्ही नाही जात," मामा म्हणाले. "तुम्ही दुर्बिणीतून पाहता. आम्ही त्याच्या तोंडात जातो."

साहेबांनी कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून दाखवलं. बत्तीस बोअरचं, त्यांच्या स्वतःच्या लायसनचं. "हे आहे ना! मी तुझ्या शेजारी उभा राहीन."

मामांनी ते नीट बघितलं. "हे शेवटचं कधी वाजलं, साहेब?"

"अरे, दर दसऱ्याला याची पूजा होते!"

"पूजा नाही म्हणलं मी. वाजलं कधी?"

साहेब रिव्हॉल्व्हर कमरेला लावून राहुटीत गेले. नाला ओलांडला नाही तर पावसाळ्याआधी रेघ पुरी होणार नव्हती. मोजणी अर्धवट राहिली की कॅम्प गुंडाळायचा, असं वरून कळवलेलंच होतं. माझी नोकरी त्या नाल्यात अडकली होती.

दुपारी साहेबांनी मला बोलावलं आणि एक मखमलीची पिशवी उघडून दाखवली. आत काडतुसं होती, विलायती, पलटणीच्या दिवसांत घेतलेली. साहेबांनी ती जपून ठेवली होती, जशी घरात लग्नातली जरीची टोपी ठेवतात. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, साहेबांच्या पत्नी, म्हणजे बाईसाहेब, घरी रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं पाटावर मांडत, प्रत्येकाला तिळाचं तेल चोळत, हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत. मी एक काडतूस हातात घेतलं. बोटं तेलकट झाली. मागच्या बाजूला, जिथे घोडा आपटतो त्या टोपीच्या कडेला, कुंकवाची बारीक लाल रेघ बसली होती.

कॉलेजात आमच्या रसायनाच्या सरांनी एकदा काड्यापेटीच्या काड्या तेलात बुडवून, पुसून, ओढून दाखवल्या होत्या. एकही पेटली नव्हती. काडतुसाच्या टोपीत तसाच भडकणारा मसाला असतो. इतकी वर्षं दरसाल तेल चोळलं तर ते कडेच्या फटीतून आत झिरपणारच. मला ते तिथल्या तिथे दिसलं, पण बोलायचं कसं? साहेब मोठे, पूजा बाईसाहेबांची, आणि मी हंगामी.

"साहेब, एकदा वाजवून बघू या का?"

"काडतूस वाया घालवायचं? अरे, पलटणीच्या वेळचा विलायती माल आहे. आता मिळत नाही."

राहुटीच्या तोंडाशी मामा पाण्याची कळशी घेऊन उभे होते. ते म्हणाले, "नाही वाजलं तं वाया मी जाईन, साहेब. माह्यासारखा पट्टीवाला बी आता मिळत नाही."

साहेब मोठ्याने हसले. "चला," म्हणाले.

कॅम्पमागे एक जुनी मुरमाची खाण होती. तिच्या कड्यासमोर साहेबांनी नेम धरला आणि चाप ओढला. टक्. नळी कड्याकडेच ठेवून ते थांबले. पलटणीची शिस्त होती ती, न वाजलेलं काडतूस उशिरा वाजू शकतं. काही झालं नाही. दुसरं, टक्. तिसरं, टक्. मागे बसलेल्या खलाशांपैकी कोणीतरी म्हणालं, "अस्वलाले हसू येईन बे!" चौथ्याला फुस्स असा आवाज झाला आणि थोडा धूर आला. साहेब पुढचं ओढणार तोच त्यांनी हात थांबवला, रिव्हॉल्व्हर उघडलं, नळीतून बघितलं. उजेड दिसत नव्हता. गोळी नळीत अडकली होती. तिच्यावर आणखी एक चांगली वाजली असती तर नळी फाटून साहेबांचाच हात गेला असता.

साहेबांनी पितळी गजाने ठोकून गोळी बाहेर काढली आणि माझ्याकडे वळले. "तुला कसं कळलं?"

मी काड्यापेटीची गोष्ट सांगितली. बाईसाहेबांच्या पूजेचं नाव हळूच घेतलं. ते म्हणाले, "तिने श्रद्धेने केलं. मी डोक्याने करायला हवं होतं. उद्या खामगावला जायचं. नवी काडतुसं घ्यायची, आणि तू बरोबर यायचं."

मी आयुष्यात पहिल्यांदा बंदुकीच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने लायसन बघून काचेवर दोन प्रकार मांडले. एक साधं, आपल्याच देशात बनलेलं, शिशाची भरीव गोळी, तोंड गोल. दुसरं परदेशी, चकचकीत, मऊ शिशाची गोळी आणि तिच्या टोकाला खळगा.

"अस्वलासाठी ना? मग हेच न्या," दुकानदार चकचकीत काडतुसावर बोट ठेवून म्हणाला. "लागलं की गोळी फुलासारखी उघडते. मोठं भगदाड पाडते. ते दुसरं काय, देशी आहे."

साहेबांचा हात त्या परदेशी डबीकडे गेलाच होता. मला मेहकरचा बाजार आठवला. लहानपणी तिथे दरवेशी अस्वल घेऊन यायचा. पोरांची भीती जावी म्हणून आया त्यांना अस्वलाच्या पाठीवर बसवत आणि ताईतात घालायला केस विकत घेत. मला आईने बसवलं होतं. पडू नये म्हणून मी केसांत हात खुपसला, तर मनगट दिसेनासं झालं, आणि खालचं कातडं सैल अंगरख्यासारखं मुठीत सरकलं. तो तर साखळीवरचा, उपाशी प्राणी होता. रानातलं धष्टपुष्ट अस्वल म्हणजे आधी केस, मग जाड कातडं, मग चरबी, मग हाड.

"साहेब, ही गोळी उघडते हे खरं," मी म्हणालो. "पण उघडली की अडकते. वरच्यावर उघडली तर आत पोचणार कशी?"

"हे पोरगं कोण?" दुकानदाराने विचारलं.

"आमचे ग्रॅज्युएट," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा असेल म्हणून मी बघितलं. नव्हती. "दोन्ही द्या. खाणीत बघू."

खाणीत आम्ही गोणपाट भिजवून घड्या घातल्या, त्यांच्यामागे खोक्याच्या फळ्या लावल्या, पुन्हा ओले गोणपाट, पुन्हा फळ्या. केस, चरबी, हाड यांची ती आमची गरिबाची नक्कल. सगळा कॅम्प बघायला जमला. परदेशी गोळी मोठ्या आवाजात सुटली आणि पहिल्या गोणपाटाच्या घड्यांतच राहिली. बाहेर काढली तर चपटी झाली होती, कपाळावरच्या टिकलीसारखी. फळीला साधा ओरखडा नव्हता. मग साधं देशी काडतूस. गोणपाट, फळी, गोणपाट, फळी, सगळं पार करून गोळी मागच्या मुरमात घुसली. साहेबांनी पुन्हा उडवून बघितलं. पुन्हा तेच. आणि एकही टक् नाही.

मामा फळीच्या भोकातून एक डोळा लावून बघत म्हणाले, "भाऊ, ही सरळ चालते. पोटात काही ठेवत नाही." मग खलाशांकडे वळून, "उठा रे, पट्ट्या काढा."

त्या वाक्याने मला जो आनंद झाला तो निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

तरी साहेबांनी बजावलं की बत्तीस बोअर म्हणजे अस्वलापुढे लहान हत्यार आहे. पहिला उपाय आवाज, गोळी शेवटची. आमच्या कामात एरवी गप्प राहायची शिस्त, सगळं हातवाऱ्यांनी चाले. ती शिस्त मोडून आम्ही डबे वाजवत नाल्यात उतरलो. साहेब मामांना चिकटून चालत होते. पहिले काही टप्पे नीट झाले. ऊन चढलं होतं, करवंदीच्या जाळ्या दाट होत्या, आणि दुर्बीण बसवून आकडा बघेपर्यंत डबे वाजवणारे जरा दमून थांबले.

त्या काळच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. मामा डोकं खाली, पाय वर, पट्टी आभाळातून लोंबलेली. मी आकडा वाचायला डोळा लावला, आणि त्या उलट्या जगात जाळीतून काहीतरी काळं सुटलं आणि छतावरून धावावं तसं मामांकडे निघालं. अस्वल आहे हे कळायला मला एक क्षण लागला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "साहेब! डावीकडे!"

साहेब वळले. मी दुर्बीण सोडून उघड्या डोळ्यांनी बघितलं. अस्वल मामांपासून बैलगाडीच्या लांबीवर असेल. पहिला बार झाला तसं ते अर्धं फिरलं, पण पुन्हा सरळ होऊन आलं. दुसरा बार. ते मागच्या पायांवर उठायला गेलं. तिसरा बार. ते कुशीवर पडलं आणि मामांच्या पायांशी धूळ उडाली. साहेब तसेच नेम धरून उभे राहिले. अस्वलाने दोन-तीनदा पंजा ओढला आणि ते शांत झालं. त्याची मान पडली तेव्हा मला वाईटही वाटलं. रान त्याचंच होतं.

मामा मात्र जागचे हलले नव्हते. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हातांत पट्टी, आणि पट्टी सरळ उभी. डोळे न उघडताच ते ओरडले, "वाजलं का हो सगळं?"

"सगळं वाजलं, मामा!"

"मंग आकडा वाचा ना! पट्टी धरून हात दुखून राह्यले!"

नाल्यात जो हशा उठला तो अजून माझ्या कानात आहे. साहेब दगडावर बसून डोळे पुसत हसत होते. मी पुन्हा दुर्बीण जुळवली, आकडा वाचला आणि लिहून घेतला. तिथेच त्या दिवसाचं काम थांबलं. वनखात्याला निरोप गेला, त्यांचे लोक आले, पंचनामा झाला. साहेबांनी जबाबात माझं नाव घालून सांगितलं की काडतूस यांनी निवडलं. एवढं कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाला चढून पलीकडच्या माळावर आलो. तिथून डोंगराखालची गावं दिसत होती, जिथे तलावाचं पाणी जाणार होतं. पाऊस लागायच्या आत रेघ पुरी झाली आणि आकडे जुळले. शेवटची खुंटी साहेबांनी माझ्या हाताने ठोकायला लावली.

राहुट्या उतरवताना ते म्हणाले, "पुढचा कॅम्प लोणारकडे लागतोय. तुझं नाव मी वर दिलंय. या वेळी हंगामी नाही. येतोस ना?"

तंबूचे दोर गुंडाळणारे मामाच मध्ये बोलले, "येतात ना, साहेब. आणि मी बी येतो. दुर्बिणीशी हा भाऊ असला तं पट्टी मीच धरीन."

मी नुसती मान हलवली आणि दोराचं दुसरं टोक धरायला त्यांच्याजवळ गेलो.