मोठ्यानं मोज

मास्तरांची छडी माझ्या पाठीवर मोडली, तेव्हा फळ्यावरचं माझं समीकरण बरोबर होतं. हे आधी सांगतो. कारण पुढे गावभर झालं की धनगराच्या पोराला येत नव्हतं म्हणून त्यानं मार खाल्ला. साफ खोटं.

पौडला हे मास्तर मॅट्रिकचा खासगी वर्ग चालवत. पोरं सगळी जमीनवाल्यांची. रिहे खोऱ्यातून मेंढरं सोडून आलेला मी एकटा. घोंगडीचा वास येतो म्हणून मला दाराशी बसवत. बसत होतो. आमच्या घरात सही करणारा पहिला मीच होणार होतो.

त्या दिवशी फळ्यावर पाणी होतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. दोन्हीकडचे अणू सारखे करा. पोरांना हसू यावं म्हणूनच मला उठवलं.

मी बघितलं. पाण्याचा कण म्हणजे एक मेंढी आणि तिची दोन कोकरं. ऑक्सिजन जोडीनंच येतो, म्हणजे डावीकडे दोन मेंढ्या. मग उजवीकडे पाणी दोनदा हवं. दोन मेंढ्यांची चार कोकरं, म्हणून हायड्रोजनची जोडीही दोनदा. आकडे घातले.

"तोंडाने मोजून दाखव," मास्तर म्हणाले.

जीभ उचलेना. आमच्यात कळप मोठ्यानं मोजत नाहीत. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरताना बाप नुसत्या डोळ्यांनी मोजायचा. मोजलेलं घटतं, म्हणायचा. आणि मला तर फळ्यावर मेंढरंच दिसत होती.

"उत्तर चोरलंस. मेंढरूसुद्धा बें करतं रे. ओणवा हो आणि बें कर."

ओणवा झालो. आमच्या गावच्या पाटलाचा पोरगा पाठीवर बसला, टाचा मारू लागला. मग त्याला उतरवून छडी सुरू झाली. सदरा फाटला, रक्त कमरेपर्यंत आलं, छडी मोडली. वर्ग हसत होता. बें केलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापाला बोलावलं. तो हात जोडून उभा.

"सर्वांसमोर एकदा बें करू दे," मास्तर म्हणाले, "वर्गात घेतो. नाहीतर ने मेंढरांमागे."

बाप मला म्हणाला, "कर की रं लेका. आवाजच हाय न्हवं. साळा तर ऱ्हाईल."

छडीनं रडलो नव्हतो. या बोलण्यानं डोळे भरले. खतासाठी आम्ही पाटलाच्या शेतात मेंढरं बसवायचो. दर खेपेला पाटलाचा गडी एक कोकरू उचलून न्यायचा. बापाला कळायचं. पण बोलायचं तर मोठ्यानं मोजावं लागेल, म्हणून तो गप्प. आणि तो मोजणार नाही हे पाटलाला पक्कं ठाऊक होतं. हे मला तिथं, त्या दारात कळलं. संतापानं अंग पेटलं.

मास्तरांनी नवी छडी उगारली. मी ती पकडली, मनगटासकट पिरगळली. मास्तर किंचाळले. मी छडी गुडघ्यावर मोडली आणि त्याच तुकड्यानं फळा बडवत एकेक अणू मोजला. डावीकडचे. उजवीकडचे. घसा फुटेस्तोवर. बापानं कान झाकले. "गप रं, गप!"

वर्ग संपला माझा. मॅट्रिक संपली.

त्याच संध्याकाळी पाटलाचा गडी आला. कोकराचे पाय धरून चालू लागला. मी सगळा कळप मोठ्यानं मोजला.

"एक कमी हाय. ठेव खाली."

त्यानं माझ्या पोटात लाथ घातली. मी काठी त्याच्या मनगटावर घातली. हाड वाजलं. बोटं सुटली, कोकरू बें करत आईकडे पळालं.

"आता कुनी शेतात बसू देनार न्हाई आपल्याला," बाप म्हणाला.

खरंच होतं ते. कुणी बसू दिलं नाही. तरी सांगतो, मी मोठ्यानंच मोजणार. ज्याच्या हातात आमचं कोकरू सापडेल, त्याच्या तोंडावर मोजणार. दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत तोवर काठी खाली ठेवणार नाही.