चिऊला चालतील अशी झाडं

देवासच्या त्या कॉलनीत तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत ऊन कधी शिरलंच नाही. खोलीला खिडकी होती, नाही असं नाही. पण ती उघडली की समोर शेजाऱ्यांची भिंत, हात लांब केला तर टेकेल इतकी जवळ. ती खिडकी तिथं का ठेवली हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. कृष्णराव भोईटे धारचं भाड्याचं घर सोडून मुलाकडे राहायला आले, तेव्हा ही खोली त्यांच्या वाट्याला आली. त्यांच्याबरोबर ती चिऊच्याही वाट्याला आली.

चिऊ म्हणजे मांजर. मांजरीचं नाव चिऊ ठेवणारी बाई अख्ख्या माळव्यात एकच असणार, ती म्हणजे कृष्णरावांची बायको इंदू. नालीत पडलेलं पिल्लू तिनं उचलून आणलं तेव्हा ते चिमणीएवढ्या आवाजात ओरडत होतं, म्हणून चिऊ. कृष्णरावांनी नाक मुरडलं होतं. मांजर पाळायचं तर वाघ्या, मन्या असं काही नाव ठेव, म्हणाले. इंदूनं ऐकलं नाही. एरवीही ती त्यांचं फारसं ऐकत नसे, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघे, हे ते ती गेल्यावर कबूल करू लागले.

इंदू गेल्या वर्षी गेली. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं मुलाबद्दल विचारलं नाही, दागिन्यांबद्दल विचारलं नाही. ‘चिऊला दूध दिलंत का?’ एवढंच विचारलं. कृष्णरावांनी दिलं म्हणून सांगितलं. दिलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी आधी दूध गरम केलं आणि चिऊपुढं बशी ठेवून तिथंच भिंतीला टेकून बसले. इंदूचं म्हणून जे काही श्वास घेणारं उरलं होतं, ते त्या बशीत तोंड घालून लपलप करत होतं.

धारला चिऊचं राज्य गच्चीवर होतं. इंदूच्या कुंड्या, त्यांच्यामधून उगवलेलं गवत, ऊन, चिमण्या. देवासला आल्यावर ती पलंगाखाली गेली ती बाहेरच येईना. दूध तसंच राही, पोळीचा काला वाळून जाई. एकदा दार उघडं राहिलं तेव्हा ती हॉलमध्ये पळाली, सुनेचा मनी प्लांट कुरतडला आणि नव्या सोफ्यावर ओकली.

पीयूष चिडला. पोरगा वाईट नव्हता, पण सोफा हप्त्यांचा होता. ‘बाबा, सरदारपुरला माझ्या दोस्ताचं गोदाम आहे. उंदीर भरपूर आहेत, तिकडे सोडून देऊ तिला. मजेत राहील.’

‘गोदामात?’ कृष्णराव म्हणाले. ‘तुझ्या आईची मांजर?’

‘पुन्हा असं झालं तर मात्र खरंच सोडावी लागेल हां.’

सून शिखा सोफा पुसत होती. ती खातेगांवकडची, घरात हिंदी बोलणारी. मराठी समजायची, बोलताना अडखळायची. ती मान वर न करता म्हणाली, ‘पापाजी के कमरे में ही कुछ हरा रख देते हैं ना. इसको पत्ते चबाने हैं तो वहीं चबा लेगी. बस ज़हर वाला नहीं होना चाहिए.’

इथून कृष्णरावांच्या डोक्यात किडा शिरला. माणूस पिथमपूरच्या कारखान्यात जन्मभर लेथवर उभा राहिलेला. केसभर फरक पडला तर जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, फेकून द्यायचा, ही सवय. अंदाजपंचे दाहोदरसे त्यांना चालत नसे. भाजी घ्यायला गेले तरी भेंडी एकेक मोडून बघत, आणि भाजीवाली दुसरीकडे तोंड करून पुटपुटत असे. आता अंधाऱ्या खोलीत जगेल असं, आणि मांजरानं खाल्लं तरी तिला काही होणार नाही असं झाड पाहिजे होतं. म्हणजे जॉबला दोन मापं लागली.

नर्सरीवाला मोठा बोलघेवडा गडी. कृष्णरावांनी अंधाराचं सांगितलं की तो एकेक कुंडी पुढं सरकवी. स्नेक प्लांट, बाऊजी, बिना धूप के सालों चलता है. पीस लिली, फूल भी आता है. ये मोटे पत्ते वाला, पानी भी भूल जाओ तो नहीं मरता.

‘अने बिल्ली?’ आणि मांजराचं काय, असं कृष्णराव विचारत.

‘बिल्ली का क्या है भिया, बिल्ली पत्ते थोड़े ही खाती है.’

कृष्णराव प्रत्येक कुंडीचा फोटो काढून घरी आणत. संध्याकाळी शिखा भांडी आवरून त्यांच्या पलंगाच्या कडेला बसे आणि मोबाइलवर शोधून वाचून दाखवे. स्नेक प्लांट, नापास. पीस लिली, नापास. जाड पानांचं, नापास. अंधारात जोमानं वाढणारं जे जे म्हणून होतं, त्यातलं बरंचसं मांजराच्या पोटात आग लावणारं निघालं. कृष्णराव वैतागून म्हणत, ‘सावलीत वाढतं ते सगळं कपटीच का असतं?’ शिखा हसे. तिला ‘कपटी’ हा शब्द आवडला. पुढं नापास झाडाला ती ‘ये भी कपटी है पापाजी’ म्हणू लागली.

हळूहळू पास झालेली मंडळी जमली. लांब पट्ट्यांचा स्पायडर प्लांट, कुरळ्या पानांचा नेचा, एक लहान एरिका पाम, आणि रंगीत पट्ट्यांचं कॅलाथिया, जे संध्याकाळ झाली की पानं वर उचलून मिटून घेई. ते आपलं दिवेलागणीला हात जोडतं, असं कृष्णराव शिखाला सांगत. खोलीत पांढरी ट्यूब लावली. तरी खात्री पटेना म्हणून एकेक नाव शिखाकडून पुन्हा वाचून घेतलं.

नेचा आला त्या दिवशी चिऊ पलंगाखालून निघाली. आधी नुसतं नाक पुढं केलं. मग स्पायडरची एक पट्टी दातांत धरून ओढली, चावली, थुंकली, पुन्हा चावली. कृष्णराव खुर्चीवर श्वास धरून बसले होते. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बशी रिकामी झाली. आठवडाभरात चिऊ एरिकाच्या कुंडीत बूड टेकून अशी बसू लागली, जणू घराची मालकीण तीच आहे. कृष्णरावांना त्या दिवसांत झोप लागायची. इंदूला मनातल्या मनात ते रोजचा वृत्तांत सांगत: आज अर्धी पोळी खाल्ली, आज शिखाच्या मांडीवर गेली.

मग गणपती आले.

भोईट्यांच्या घरात गणपतीला पत्री वाहायची पद्धत जुनी, पवारांच्या चाकरीत धारला आले तेव्हापासूनची. नानापरीच्या झाडांची पानं, प्रत्येकाचं नाव घेऊन वाहायची. हे काम इंदूचं. आदल्या दिवशीच पानं गोळा करून ती पितळी डब्यात घालून वर फळीवर ठेवी, आणि पूजा होऊन निर्माल्य घराबाहेर जाईपर्यंत चिऊला स्वयंपाकघरात कोंडून कडी लावी. चिऊ आतून आकांत करी. ‘सणाच्या दिवशी मुक्या जिवाला कोंडतेस?’ कृष्णराव म्हणत. ‘पत्री आहे घरात,’ एवढंच इंदू म्हणे. तिचं सोवळं मांजरापर्यंत पोचलं म्हणून ते तिला सगळ्यांसमोर चिडवत.

‘बाजारात पत्रीचं तयार पाकीट मिळतं बाबा,’ पीयूष म्हणाला.

‘पाकिटातली कुजकी पानं देवाला? तुझ्या आईनं काय म्हटलं असतं?’

चतुर्थीच्या सकाळी उजाडताच कृष्णराव पिशवी घेऊन निघाले. टेकडीच्या पायथ्याशी, तलावाच्या काठाला, कुणाच्या कुंपणाला, कुठं कुठं फिरले. दूर्वा, बेल, शमी, आघाडा, डाळिंब, रुई, धोत्रा, कण्हेर. इंदू ज्या नावांनी पूजा सांगे ती नावं त्यांना पाठ निघाली, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. घरी येऊन पानं स्वच्छ धुतली आणि टोपलीत घालून ओलं फडकं टाकलं. ठेवायची कुठं? अर्थात आपल्या खोलीत. ऊन नाही, वारा नाही, पानं टवटवीत राहतील. खोलीचा एवढा तरी उपयोग झाला, असं म्हणून ते हसले. चिऊला कोंडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. उलट, इथं तुला कुणी कडी लावणार नाही हो, असं म्हणून तिची मान खाजवून ते आंघोळीला गेले.

परत आले तेव्हा फडकं बाजूला, टोपली कलंडलेली, आणि चिऊ दूर्वांच्या जुडीत तोंड घालून बसलेली. कृष्णराव हसलेच. ‘देवाच्या आधी नैवेद्य खाल्लास?’ तिला बाजूला केलं, उरलेली पत्री पुन्हा धुतली, निवडली आणि पूजेला घेऊन गेले. खाली सांडलेली थोडी पानं पायानं कुंड्यांमागं सारली.

आरती झाली, मोदकांची ताटं मांडली. शिखा पापाजींचं धोतर आणायला खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली. चिऊ एका अंगावर पडली होती. तोंडातून लाळ गळत होती आणि पोट आत ओढत होती.

सणामुळं दवाखाने बंद. शिखानं कुणाकुणाला फोन करून राजवीर नावाचे एक जनावरांचे डॉक्टर गाठले आणि नव्या साडीतच स्कूटर काढली. कृष्णराव मागं, मांडीवर टॉवेलात चिऊ. रस्ताभर ढोल वाजत होते.

डॉक्टरांनी चिऊला तपासलं. ‘घर में पौधे कौन-कौन से हैं?’

त्याही अवस्थेत कृष्णरावांची मान ताठ झाली. स्पायडर, नेचा, एरिका, कॅलाथिया. सगळी नावं त्यांनी धडाधड सांगितली. एकेक देखून, तपासून आणलंय, सांगितलं.

‘ये तो सब सेफ हैं,’ डॉक्टर म्हणाले. ‘और कुछ खाया?’

‘दूर्वा. पूजे की. थोडीशी.’

‘घास से कुछ नहीं होता बाऊजी.’ त्यांनी ओकारी थांबायचं इंजेक्शन दिलं, सलाइनची बाटली लावली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. धडधड फार मंद आहे, कारण समजत नाही, म्हणाले. दुपार कलायच्या आत त्यांनी नळी काढून गळ्यात टाकली आणि शिखाकडे बघितलं.

पीयूषनं कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटमध्ये खड्डा केला. सोवळं सोडून, पँट वर दुमडून. कृष्णराव मात्र वर्षभरापूर्वी रडले नव्हते इतके तिथं रडले. शेजारची माणसं दर्शनाला येत होती, ती थोडी थांबली आणि आत गेली.

तिन्हीसांजेला शिखा त्यांच्यासाठी चहा घेऊन आली, तेव्हा कृष्णराव जमिनीवर बसून कुंड्यांमागची पानं गोळा करत होते. एक लांबट, निमुळतं पान त्यांनी ट्यूबखाली धरलं. अर्धंच होतं. कडेला बारीक दातांची रांग उमटली होती. तसं दुसरंही मिळालं.

‘शिखा, बेटा, हे बघ बरं मोबाइलमध्ये. कण्हेर. कनेर म्हण.’

शिखानं शोधलं. पहिली ओळ मनात वाचली आणि मोबाइल पालथा करून चादरीवर ठेवला.

‘कपटी?’ कृष्णरावांनी विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

महिनाभर नावं शोधली होती त्यांनी. परदेशी, तोंडात न बसणारी नावं. देवाला वाहायचं पान कुणी मोबाइलमध्ये शोधतं का? ते झाड नव्हतंच त्यांच्या लेखी, ती पत्री होती. आणि इंदू. फळीवरचा डबा, स्वयंपाकघराची कडी. ‘पत्री आहे घरात.’ पूजेला मांजर शिवू नये म्हणून ती कडी लावत नव्हती. ती मांजराला जपत होती, आणि सगळ्यांसमोर झालेली थट्टा तिनं मुकाट्यानं ऐकून घेतली होती. एक शब्द जास्त बोलली असती तर? बोलली असती तरी आपण ऐकलं असतं का, याचं उत्तर कृष्णरावांना ठाऊक होतं. आता तिला काय सांगायचं? आज कितवी पोळी, कुणाची मांडी?

कोपऱ्यात कॅलाथियानं पानं वर उचलून मिटली होती. नेचा हिरवागार होता. खोलीतलं एकही झाड कुणाला काही करणारं नव्हतं.

‘बाबा, आरती!’ हॉलमधून पीयूषनं हाक मारली. ‘सगळे थांबलेत.’

शिखा म्हणाली, ‘मैं बोल देती हूँ, आपकी तबीयत...’

‘नको. घरातला मोठा मीच आहे.’

भिंतीचा आधार घेऊन ते उठले, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर गेले. निरांजन लागलं होतं. गणपतीच्या पायाशी बेल, शमी, डाळिंब आणि सगळ्यात वर कण्हेर होती, सकाळी त्यांनीच धुऊन, निवडून, नाव घेऊन वाहिलेली. कृष्णरावांनी आरती म्हणायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत टाळ्या वाजवत उभे राहिले.