सरावाचं गाव

माझ्या मांडीवर कापडाची बाहुली होती. तिला तीन दिवसांपासून जुलाब होतायत, असं ठरलेलं होतं. समोर निखिल उकिडवा बसला होता. खांद्याला निळी पिशवी, हातात चमचा. पुण्याचा मुलगा, चांगल्या घरचा, इंग्रजी शाळेत शिकलेला. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा तो मला सावकाश, मोठ्या आवाजात समजावून सांगत होता.

"एक लिटर पाणी उकळून गार करायचं. त्यात सहा चमचे मीठ आणि अर्धा चमचा साखर."

उलटं सांगितलं त्यानं. सहा चमचे साखर असते आणि अर्धा चमचा मीठ. एवढं मीठ पोटात गेलं तर जुलाबाचं बाळ हातचं जातं. मी नर्स आहे. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत आठ वर्षं हे पाणी मी पोरांना चमच्या-चमच्यानं पाजलंय. पण तेव्हा मी नर्स नव्हते. मी 'गावातली बाई' होते, आणि गावातल्या बाईनं मान डोलवायची होती. मी डोलवली.

नंतर सगळे गोल करून बसलो. आमच्या प्रशिक्षणाची प्रमुख हेलन म्हणाली, निखिलचा आवाज किती मायाळू होता, नजर किती थेट होती. मी हात वर केला. म्हटलं, "त्यानं मीठ जास्त सांगितलं. बाळ मेलं असतं."

हेलन हसली. म्हणाली, "तू आत्ता गावातली बाई आहेस. तिला हे माहीत नसतं."

सगळे हसले. वाईट हेतूनं नाही, प्रेमानंच हसले. ते जास्त लागलं.

हे सगळं इंग्लंडात घडलं. एका खेड्याबाहेर जुनं दगडी घर होतं, भोवती मेंढ्यांची कुरणं, आणि सगळीकडे ओल. मोजे वाळायचेच नाहीत. वेगवेगळ्या देशांतून आलेले आम्ही एकवीस जण तिथे दहा महिने एकत्र राहत होतो. लोकांमध्ये जाऊन देवाचं काम कसं करायचं, त्याचं शिक्षण. आमच्या मिशननं मला धाडलं होतं. आमच्या मिशनचा जंगलात एक लहान दवाखाना आहे. तिथे मी आठ वर्षं मदतनीस नर्स म्हणून राबले. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी पुढे गेल्या, कारण त्यांच्याकडे मिशनच्या शिक्षणाचं कुठलं ना कुठलं प्रमाणपत्र होतं. इंग्लंडहून प्रमाणपत्र घेऊन आले की दवाखाना माझ्या हाती येणार होता. तसं लेखी ठरलं होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी देवासाठी गेले, आणि दवाखान्यासाठीही गेले.

आणि खोटं कशाला बोलू, तिथलं बरंच मला आवडलं. सकाळी सहाला घंटा व्हायची. मग एक तास मौन. एकवीस माणसं एका खोलीत, आणि कुणी बोलायचं नाही. बाकीच्यांना तो तास जड जायचा. मला नाही. लहानपणी पहाटे आईबरोबर मोहफुलं वेचायला जायचे, तेव्हाही आई बोलायची नाही. टोपली भरेपर्यंत एक शब्द नाही. त्या थंड खोलीत डोळे मिटले की मला आईच्या पावलांखालची पानं ऐकू यायची. प्रार्थना म्हणजे हेच असावं असं मला वाटायचं.

बुधवारी उपास. भांडी तिघातिघांनी मिळून धुवायची. शुक्रवारी गोलात बसून आठवड्यातल्या आपल्या चुका सांगायच्या आणि एकमेकांना क्षमा करायची. कधी कधी त्या गोलात मला 'साक्ष' द्यायला सांगायचे. मी कुठून आले आणि देवानं मला कसं बाहेर काढलं, ते. पहिल्यांदा मी दोन वाक्यांत संपवलं. कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "मी अंधारात होते." दोघीजणी रडल्या. तिसऱ्यांदा मी त्यात रात्रीचे ढोल घातले, अंगात येऊन घुमणारा माणूस घातला, माझी घाबरलेली आई घातली. माझी आई कशालाच घाबरायची नाही. वाघाच्या पायांचे ठसे ओलांडून ती सरपण आणायची. पण त्या दिवशी हेलननं मला मिठी मारली, आणि मला बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

सातव्या महिन्यात 'गावाचा आठवडा' आला. घरामागच्या कुरणात त्यांनी एक गाव बांधून ठेवलं होतं. ताडपत्रीच्या आणि गवताच्या चार झोपड्या, एक चूल, आणि एका म्हाताऱ्या झाडाखाली लाल रंग फासलेला दगड. तो गावाचा देव. दरवर्षी तिथे सराव व्हायचा. काही जण पिशवी घेऊन गावात जायचे, काही जण गावकरी व्हायचे. हेलन यादी वाचत होती. ज्याचं नाव येईल त्यानं पुढे जाऊन पिशवी घ्यायची. पिशवीत औषधं, चित्रांचं पुस्तक, बायबल. माझं नाव आलं तशी मी दोन्ही हात पुढे केले. हेलननं माझ्या हातांवर एक जाडंभरडं तपकिरी कापड ठेवलं.

निखिल माझ्या कानाशी येऊन मराठीत म्हणाला, "मस्त. तुला तर अ‍ॅक्टिंगच करावी लागणार नाही."

कौतुकानंच म्हणाला तो. त्या कापडाच्या कोपऱ्यात मागच्या वर्षी ते नेसलेल्या बाईच्या नावाची पट्टी शिवलेली होती. ती केनियाची होती, असं कळलं. त्याआधीच्या वर्षीचीही तशीच कुणीतरी. मी कापड नेसले. दवाखाना डोळ्यांसमोर होता.

पहिल्या दिवशी मी संशयानं बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी बाहुली आणि मीठ. तिसऱ्या दिवशी मी चित्रांचं पुस्तक उलटं धरायचं होतं, मला वाचता येत नाही म्हणून. तेही धरलं. चौथ्या दिवशी मी दगडाला दाखवलेलं ताट निखिलपुढे करायचं, त्यानं ते प्रेमानं नाकारायचं, मग देवाबद्दल बोलायचं. शेवटी मी तो दगड उचलून चरात फेकायचा. मग सगळ्यांनी गाणं म्हणायचं.

मी ताट पुढे केलं. त्यात उकडलेला भात होता. निखिल हसला. एक पाऊल मागे सरकला. उजवा हात छातीवर ठेवला आणि मान थोडी झुकवली.

ही खूण माझी होती.

मी एकोणीस वर्षांची असतानाची गोष्ट. चंद्रपूरला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होते. तिथेच मी बाप्तिस्मा घेतला. आईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "तुले जो देव पटते तो कर." त्या वर्षी भादव्यात मी गावी आले. नवं खायचा दिवस होता. आमच्याकडे नवीन धान आधी देवाला आणि मेलेल्या माणसांना दाखवतात, मग घरातले सगळे एकत्र बसून खातात. तोवर नव्या धानाचा दाणा कुणी तोंडात घालत नाही. आईनं पानावर नवा भात वाढला आणि माझ्यापुढे केला. अशा वेळी काय करायचं, ते वसतिगृहात आम्हाला शिकवलं होतं. हसायचं. एक पाऊल मागे. हात छातीवर. समोरच्याला वाईट वाटत नाही म्हणे.

आई पान हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "तुह्या देवाले राग येते का?"

मी म्हटलं, "हो."

"बरं," आई म्हणाली. तिनं ते पान चुलीपाशी झाकून ठेवलं. त्या दिवशी तिनंही नवं खाल्लं नाही. लेक जेवल्याशिवाय कशी खाणार? पुढच्या वर्षीपासून मी भादव्यात गावी जायचंच टाळलं. सुट्टी नाही, म्हणून निरोप धाडायचे. अकरा वर्षं.

तर कुरणातल्या त्या खोट्या गावात मी खरं ताट धरून उभी होते, आणि समोर माझीच खूण करून निखिल हसत होता. समोरच्याला वाईट वाटत नाही, हे खोटं आहे. इतकं वाईट वाटतं की उभं राहवत नाही. हे कळायला मला सातासमुद्रापार जाऊन आईच्या जागी उभं राहावं लागलं.

मी खाली बसले. दगडाशेजारी. ताट मांडीवर घेतलं. निखिल दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, दगड. आता दगड फेकायचाय."

मी त्याला आमच्या बोलीत म्हटलं, "मी नाई फेकत. तू आंधी जेव."

हेलननं विचारलं, काय म्हणाली? निखिल म्हणाला, ती दमलीये. मी इंग्रजीत म्हटलं, "मी दमलेली नाही." मग तो भात मी सगळ्यांसमोर एकटीनं खाल्ला. अळणी होता. कापड सोडलं, घडी घातली आणि हेलनच्या हातात दिलं. आत माझा स्वेटर आणि पॅंट होती. मी कुणी वेगळी दिसत नव्हते.

हेलन वाईट बाई नव्हती. संध्याकाळी तिनं मला चहा करून दिला आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. म्हणाली, उद्या चौथा दिवस पुन्हा करू, म्हणजे आठवडा पूर्ण धरता येईल. मी म्हटलं, "चालेल. पण पिशवी मला द्या, आणि कापड निखिल नेसेल."

तिनं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "असं आपण कधी केलेलं नाही."

चौथा दिवस पुन्हा झालाच नाही. उरलेले तीन महिने मी भांडी धुतली, मौन पाळलं, उपास केले. शुक्रवारच्या गोलात आईची माफी मागितली, आणि मी सांगितलेले ढोल खोटे होते, हेही सांगितलं. शेवटच्या दिवशी वीस जणांना प्रमाणपत्र मिळालं. मला 'उपस्थित होती' असं पत्र मिळालं.

दिवाळीनंतर मी घरी आले. एसटीतून उतरून चार कोस चालत. आई अंगणात कुडाला माती लावत होती. मला बघून तिनं हात धुतले. मी पाणीसुद्धा न पिता म्हटलं, "यायो, मले नवं दे."

आमच्यात आईला यायो म्हणतात. ती म्हणाली, "आता कुठी नवं वं? ते एकच दिवस रायते. आता हा नुसता भात हाय. पुढच्या सालाले ये."

नुसता भात वाढला. मी जेवले. पुढच्या सालाचं मनात धरून बसले.

वैशाखात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, आई गेली. पानं तोडता तोडता झाडाखाली बसली आणि उठली नाही. मी दवाखान्यात होते. मदतनीसच आहे मी अजून.

मी येशू सोडलेला नाही. सोडणारही नाही. तो कुणाच्याही घरी जेवायचा. त्याच्यावर लोकांचा राग होता तो त्यासाठीच. पाऊल मागे घेऊन छातीवर हात ठेवायला मला त्यानं शिकवलं नव्हतं. ते माणसांनी शिकवलं, आणि मी शिकले. दातही माझेच, ओठही माझेच. दोष दुसऱ्यावर ढकलून मी सुटणार नाही.

मागच्या आठवड्यात मिशनच्या कचेरीतून पत्र आलं. परदेशातून नवीन शिकाऊ मंडळींची तुकडी येणार आहे. आमच्या गावात दोन आठवडे राहून सराव करणार आहे. त्यांना आमची गोंडी येत नाही, मराठी येत नाही. त्यांचं बोलणं गावाला समजावून सांगायला मी लागणार आहे. आणि खाली, हे काम नीट पार पडलं तर दवाखान्याच्या जागेचा पुन्हा विचार होईल, असंही लिहिलं आहे.

मी उत्तर लिहिलं. चार ओळींचं. काल टपालात टाकलं. ते असं:

आमच्या गावात बाळाला जुलाब झाले की ते बाहुलीसारखं पडून राहत नाही, मरतं. त्यामुळे इथे सराव होणार नाही. यायचं असेल तर भादव्यात यावं, आमच्या पंगतीला बसावं आणि वाढलेलं नवं खावं. जो ताट मागे सारेल, त्याचा एक शब्दही माझ्या तोंडून गावात जाणार नाही.