कोरडा चौक

आमची वयनी एकदा मांडी घालून बसली की उठत नसे. हे मी कौतुकाने सांगतो आहे, कारण बसणं हाच तिचा मान होता. वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आणि शहापूर-मुरबाडच्या मधल्या आमच्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. आमच्यात लग्नाला भटजी येत नसे. मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक मांडायचा, धवलारणीने चौकाला गुडघा लावून बसायचं आणि धवळे गायचे. देवांना आवतण देण्यापासून नवरानवरीला पाटावर बसवेपर्यंत सगळं तिच्या गाण्याने पुढे सरके. तिने एक ओळ म्हणायची, शेजारच्या झेलकरणीने तीच ओळ झेलून परत म्हणायची. धवळा अर्ध्यात टाकून धवलारीण उठली तर जोडप्याचा संसारही अर्ध्यात सुटतो, अशी समजूत. इतर धवलारणी मांडवाच्या मेढीला टेकत, पाय लांब करत, कुणाला तरी कंबर चेपायला सांगत. वयनी ताठ. लोक म्हणत, "बसावं तं हिनं."

ती का उठत नसे, ते मला माझ्या आगाऊपणामुळे कळलं. मी धाकटा दीर. दिराने भावजयीची थट्टा करावी आणि तिने ती सव्याज परत करावी, हा आमच्याकडचा रिवाज, आणि तो मी सरकारी नोकरी मिळाल्यासारखा सांभाळत असे. एकदा ती हंडा घेऊन विहिरीवरून येत होती, पाय फाकवून, हळूहळू. मी ओटीवरून म्हणालो, "वयनी, तुझ्यामागून पिलं येतान का बदकाची?"

तिने हंडा उतरवला, दम घेतला. म्हणाली, "मांडीत नारळ धर नि विहिरीपत्तूर जाऊन ये. मंग बोल."

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी घरात जाऊन नारळ घेऊन आलो, धोतर आवरलं, नारळ मांड्यांत धरला आणि अंगणात चालू लागलो. चार पावलं गेलो की नारळ खाली. पुन्हा उचलायचा, पुन्हा धरायचा. तेवढ्यात दादा बैल घेऊन आला आणि बघत राहिला.

"याला काय झालं?" त्याने विचारलं.

"मला काय झालंय ते त्याला समजावते," वयनी म्हणाली.

दादा बैल घेऊन गोठ्यात शिरला. त्याला ठाऊक होतं. मी नारळ घरात नेऊन ठेवला.

तिसऱ्या बाळंतपणानंतर दहा दिवसही न होता ती लावणीला वाफ्यात उतरली होती. तेव्हापासून तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं. उभी राहिली, वजन उचललं, की उतरायचं. बसली की जागेवर राहायचं. म्हणून ती उठत नसे. सगळा मुलूख जिच्या बैठकीची वाखाणणी करत होता, तिला बैठकीशिवाय दुसरा आसराच नव्हता. हे ती सांगायची मात्र मजेत. "देवानं मला दोनच कामं ठेवली, बसायचं नि गायचं. तिसरं सांगू नका."

मजा फार दिवस टिकली नाही. शहापूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईने तिला तपासलं आणि सांगितलं, हे आता औषधाने जायचं नाही, मुंबईला नेऊन शिवून घ्यावं लागेल. वयनी घरी आली आणि तीन दिवस गायली नाही. तशी ती भांडी घासतानाही गायची. मला वाटलं, मरणाला भ्यायली. मी धीर द्यायला गेलो. माझा धीर म्हणजे काय, मी सांगितलं की मुंबईचे डॉक्टर फार हुशार, त्यांच्याकडे गेलेला माणूस परत आला नाही असं मी तरी ऐकलेलं नाही. आता मी मुंबईला गेलेली माणसं ओळखत होतो दोन.

"मरनाचं कोन बोलतंय," ती म्हणाली. "मेले तं मेले. ती टोकावड्याची बाय आठव."

टोकावड्याची बाई मलाही आठवत होती. तिचंही असंच शिवलं होतं. अंग जागेवर बसलं, पण लघवी धरवेना. खोकली की गळायची, हसली की गळायची. नंतर ती लग्नकार्यात दिसायची ती मांडवाच्या बाहेर, एकटी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पंगतीत तिच्या शेजारी कुणी बसत नसे, आणि कुणी तसं बोलतही नसे.

"मी गळत जगले, तं चौकापाशी मला कोन बसू देल?" वयनी म्हणाली. "अंग उतरतं ते मला एकलीला कळतं. पानी गळलं तं मांडवाला कळंल."

दुखणं राहिलं तर चालणं जाणार होतं, शिवून घेतलं तर कदाचित बसणं. शेवटी हंडा उचलताना एकदा ती विहिरीवरच कोसळली, आणि प्रश्न आपोआप सुटला.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. दादाने आटगावपर्यंत गाडी जुंपली, स्टेशनावर आम्हाला सोडलं आणि वयनीकडे न बघता बैलांशी बोलत उभा राहिला. सोबत मी आणि तिची झेलकरीण सोनाबाय. मुंबईच्या दवाखान्यात बायकांच्या खोलीत पुरुषाला मज्जाव, म्हणून सोनाबाय आत आणि मी जिन्यात. ऑपरेशन झालं. लघवीला नळी लावली होती, ती काढायच्या दिवशी वयनीने सोनाबायला बाहेर पाठवलं. निरोप असा, की डॉक्टरीणबाईंना विचार, धरवंल का.

"काय धरवंल?" मी विचारलं.

"तुझा बैल," सोनाबाय म्हणाली. "अरे, पानी. आमी बायका इचारतो तं त्या नुसतं बरं वाटंल म्हनतान. तू बाप्या, तुला नीट सांगतील."

डॉक्टरीणबाई जिन्यातून खाली येत होत्या. मी त्यांना आडवा गेलो. शब्द तोंडात तयार होता, पण तो बाईमाणसासमोर काही बाहेर पडेना. मी विचारलं, "बाई, आमची वयनी गाईल ना?"

त्या थांबल्या. "ऑपरेशन गळ्याचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं संपलं. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, काय गाते. मग मी सांगत सुटलो. चौक, धवळा, मध्येच उठणं कसं चालत नाही, टोकावड्याची बाई, सगळं. त्या जिन्याच्या कठड्याला टेकून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काहींची पूर्ण थांबते. काहींची थोडी गळत राहते. आज मी शब्द देणार नाही. वजन उचलायचं नाही, खोकला अंगावर काढायचा नाही. लघवी अडवताना आपण जसं आतून आवळून धरतो, तसं बसल्या बसल्या आवळायचं आणि सोडायचं, रोज. आणि गळतं म्हणून पाणी पिणं तोडायचं नाही. त्याने उलट जास्त त्रास होतो."

घरी आल्यावर वजनाची बाजू माझ्याकडे आली. दादा शेतात, पोरं लहान, म्हणून विहिरीचं पाणी मी भरू लागलो. बाप्या माणूस डोक्यावर हंडा घेऊन चालला हे आमच्या गावाने त्याआधी पाहिलं नव्हतं. विहिरीवरच्या बायका चुंबळ कशी ठेवायची ते शिकवत, आणि मी शिकलो की ती काढून घेत. पहिल्याच आठवड्यात पायरीवरून घसरलो. हंडा गडगडत खाली गेला आणि मी त्याच्या मागे. चेपलेला हंडा वयनीपुढे ठेवला तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हंडा चेपला तं तांबट ठोकून देतो. मला कोन ठोकून देनार?"

पण चार महिने झाले, तरी ती लग्नाला जाईना. आवतणं आली की सांगायची, घसा बसलाय. आणि गोठ्यामागे जाऊन ती काय करते ते मला हळूहळू कळलं. चुलीतली राख चाळून जमिनीवर पसरायची, तिच्यावर बसायचं, धवळा म्हणायचा, मग उठून बघायचं. पीठ कशाला नासवायचं, राखेतही ओल दिसते. आवळण्या-सोडण्याचं तर तिने गाण्यातच बसवलं होतं. स्वतःची ओळ संपली की झेलकरणीची ओळ मनात म्हणायची आणि तेवढा वेळ आवळून धरायचं.

मग माझं लग्न ठरलं. नवरी मुरबाडकडची. बोलणी करायला आलेल्यांनी सहज विचारलं, धवलारीण तर घरचीच ना? दादाने जमिनीकडे बघितलं. आतून वयनीचा आवाज आला, "बघू." पाहुणे गेले आणि तिने मला गोठ्यामागे बोलावलं. राख पसरलेली होती. ती बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "आता हसव मला."

"म्हनजे?"

"नुसतं गाऊन मी कोरडी ऱ्हाते. मांडवात तुज्यासारखे छप्पन वात्रट असतान. कोनीतरी हसवनारच. आज ऱ्हायले तं तुज्या लग्नात गाते. नाय तं दुसरी बघ."

जन्मभर मी फुकट थट्टा केली. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी मागितली. मी रेडकाची गोष्ट सांगितली. "ऐकलीय. दुसरी." मी पाटलाच्या सदऱ्याची सांगितली. तिने माझ्याकडे बघत मान हलवली, वैद्याने नाडी सापडत नाही म्हणून हलवावी तशी. तिला हसू यावं असं मला वाटत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं, आणि अशा वाटण्यातून विनोद होत नाही. "एवढाच का रे तू?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. ती घाबरली होती, माझ्यापेक्षाही.

मी घरात गेलो आणि देवापुढचा नारळ घेऊन आलो. धोतर आवरलं, नारळ मांड्यांत धरला आणि गोठ्यामागे चालू लागलो. दुसऱ्याच पावलाला शेणावरून पाय गेला आणि मी नारळासकट खाली बसलो. हे मात्र मी ठरवलेलं नव्हतं.

वयनी हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर दाबून, मग पदरही सुटला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी हसतच राहिली. मग एकदम थांबली.

"तोंड फिरव," ती म्हणाली.

मी गोठ्याच्या कुडाकडे तोंड केलं. ती उठल्याचा आवाज आला. गोठ्यात बैल रवंथ करत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

"सुपारीएवढं," ती म्हणाली. "पयल्यांदा भाकरीएवढं व्हतं, मंग वाटीएवढं." मग म्हणाली, "सुपारीएवढं तं देव बी चालवून घेल. पन लग्नात तू माज्याकडं बघायचं नाय."

लग्नात नवरदेव म्हणून मी तिच्या समोरच पाटावर होतो, म्हणजे बघायचं नाही हे अवघडच. मी मुंडावळ्यांआडून बघत होतो. वयनी चौकाला गुडघा लावून ताठ बसली होती. देवांची आवतणं झाली, हळदीचे धवळे झाले. मग तिचा आवाज फाटायला लागला. सोनाबाय ओळ झेलता झेलता तिच्याकडे वळून बघू लागली. मला उमगलं. भीतीने हिने कालपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आणखी दोन धवळे बाकी होते. आवाज बंद पडला तर धवळा तुटणार होता, आणि पाणी प्यायली तर काय होईल ते तिलाच ठाऊक.

नवऱ्याने पाटावर बोलायचं नसतं. मी मोठ्याने म्हणालो, "पानी आना."

मांडव हसायला लागला. "नवऱ्याला आताच कोरड पडली, फुडं काय करनार?" कुणीतरी म्हणालं. तांब्या आला. मी तो घेतला आणि चौकावरून हात लांब करून वयनीपुढे धरला. आता तर लोक खोखो हसू लागले, कारण नवऱ्याने आधी धवलारणीला पाणी पाजल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. वयनीने माझ्याकडे असं बघितलं की लग्न मोडतं की काय असं वाटलं. मग तिने तांब्या वर धरला, घटाघट प्यायली आणि पुढची ओळ उचलली. सोनाबायची ओळ चालू झाली की वयनीच्या मानेची शीर ताठ व्हायची. ती का, ते त्या मांडवात आम्हा तिघांनाच कळत होतं. मी लग्न लागलं कधी ते पाहिलंच नाही, मी ती शीर बघत होतो.

धवळे संपले. लोक पंगतीकडे गेले. वयनी बसूनच राहिली. मी पाटावर, माझी नवी बायको शेजारी, आणि समोर वयनी, न हलता. मग तिने माझ्या बायकोला हाक मारली. "गो नवरे, हात दे जरा." बायकोने हात दिला. मी मांडवाच्या मेढीकडे तोंड फिरवलं. पाठीमागे पातळाची सळसळ झाली, पावलं जवळ आली आणि माझ्या कानाशी ती एवढंच म्हणाली, "कोरडा."

मी रडायला लागलो. नवरी सोडून नवराच रडतो म्हणून सासुरवाडीच्यांनी मला पुढे कित्येक वर्षं चिडवलं. मी सांगत असे की डोळ्यात हळद गेली होती.

त्यानंतर वयनी पुष्कळ लग्नांत गायली. सगळे चौक कोरडे राहिले असं मी म्हणणार नाही. खोकल्याच्या दिवसांत ती जुन्या लुगड्याचा दुहेरी धडपा घेऊन बसायची, आणि जाताना मला बरोबर न्यायची. "पाठीमागं बस, मला दिसू नको. पन बस," म्हणायची. एका लग्नात टोकावड्याची बाई बाहेर उभी दिसली, तेव्हा वयनीने तिला हाताला धरून आत आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. धवलारणीच्या शेजारी बसलेल्या बाईला कोण उठवणार?

शेवटी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा मीही म्हातारा झालो होतो. आता तिला काहीच धरवत नव्हतं, आणि माझी बायको दिवसातून कितीदा तरी तिची गोधडी बदलायची. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो. मी जरा दबूनच होतो, बेताने बोलत होतो. तिने डोळे उघडले.

"गप कामून बसलास? हसव की."

मी गोधडीकडे बघितलं. तिने ते पाहिलं.

"अरे, आता कुठं चौक मांडलाय," वयनी म्हणाली.

मी उठलो, देवापुढचा नारळ आणला आणि धोतर आवरलं.