रिबीन कुठल्या टोकाला

आरेकिपाच्या विद्यापीठातल्या तळघरात सातुर्निनो कोपा एकवीस वर्षं केस कापत आला. न्हावी नव्हे हो! एकाच केसाचा आडवा काप काढायचा, इतका पातळ की शेजारी कोणी शिंकलं तर दिवसाची मेहनत उडून जावी. तो काप यंत्रात ठेवायचा, त्यावर बारीक किरण फिरवायचा, आणि कुठे शिसं किती, गंधक किती, ते पडद्यावर ठिपक्यांनी उमटायचं. शिसं नुसतं सालीवर असलं तर ती बाहेरची धूळ. गाभ्यात असलं तर ते रक्तातून आलेलं. केस मुळाशी वाढतो, त्यामुळे मूळ म्हणजे आत्ताचं आणि शेंडा म्हणजे जुनं. तसं मोजत गेलं की पोटात काय कधी गेलं ते महिन्यापर्यंत सांगता येतं.

एवढं हातात कसब, पण माणूस भलताच आखडू. जन्म डोंगरावरचा, आई मरेपर्यंत तिथली केचुआ बोलीच बोलली. हा मात्र शहरात चुकून तिचा एक शब्द तोंडातून जाऊ देत नसे. सगळे त्याला इंजिनियर म्हणत. तो इंजिनियर नव्हता, पण कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

चल्लापाता गावची बासिलिया चोके आली ती कापडात बांधलेलं जावळ घेऊन. तिची एदिता सहाव्या वर्षी फेफऱ्यांनी गेली होती. रक्तात शिसं सापडलं, पण ते आलं कुठून? पोर दोन वर्षांची होईतो बाप लेओन्सिओ अंगणातल्या भट्टीत मडकी भाजायचा, चकाकीला शिशाची पूड लावायचा. मग धातू गाळायचा कारखाना आला, त्याने मातीचं रान घेतलं आणि भट्टी थंडावली. कारखान्याचा वकील कोर्टात म्हणत होता, बापानेच मारलं. जावळ काढलं चौथ्या वर्षी, तोवर केसांना कात्री लागलेली नव्हती. म्हणजे पोरीची चारही वर्षं त्या बटेत होती.

"इंजिनियर, मला एवढंच सांगा," बासिलिया मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "माझ्या लेकीला कोणी खाल्लं?"

बटेच्या एका टोकाला लाल रिबीन होती. प्रयोगशाळेत दोरा नेहमी मुळाकडे बांधतात, म्हणून सातुर्निनोने रिबिनीकडचं टोक मूळ धरलं. जावळाची रिबीन शेंड्याला बांधतात, हे त्याला माहीत नव्हतं होय? त्याच्या स्वतःच्या जावळाला आईने तशीच बांधली होती! मनात आलंही, बाईला विचारावं. पण शेजारी विभागप्रमुख डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. विचारलं असतं तर हा कुठला, ते उघड झालं असतं. गप्प बसला गाढव.

रिबिनीपासून लांबच्या अर्ध्या भागात गाभाभर शिसं निघालं. याने लिहिलं, पहिली दोन वर्षं. म्हणजे भट्टी. कोर्टाने त्या कागदावर कारखान्याला सोडून दिलं.

दीड वर्षाने बासिलिया परत आली, जावळ मागायला. एदिताजवळ पुरायचं होतं.

"नवरा कसा आहे?" सातुर्निनोने आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"मेला. तुमचा कागद आला त्याच दिवशी मी त्याला घराबाहेर काढलं. पोरीला खाल्लंस, म्हटलं, तोंड दाखवू नकोस. सोन्याच्या खाणीवर गेला. जूनमध्ये दरड आली." तिने बट हातात घेतली, रिबिनीजवळच्या केसांवरून बोट फिरवलं आणि आपल्याशीच केचुआत पुटपुटली, "हे जन्माचे. बघ किती मऊ."

सातुर्निनोने तिच्या हातून बट जवळजवळ ओढलीच. एक केस उपटला, अंगठा आणि बोटात धरून चोळला. केसाला खवले असतात. चोळला की तो मुळाच्या दिशेने सरकतो. विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी हे तोच शिकवायचा. केस रिबिनीपासून दूर सरकत गेला. दुसरा घेतला. तोही तसाच.

"माई," तो म्हणाला. केचुआतच निघालं तोंडातून. "मी उलटं वाचलं."

"काय उलटं?"

"सगळंच. शिसं शेवटच्या दोन वर्षांतलं आहे. भट्टीचं नाही, कारखान्याचं. लेओन्सिओने काही केलेलं नाही."

बासिलिया रडली नाही. तिने बट त्याच्या हातून परत घेतली.

"तुम्हाला आपली बोली येते?"

"येते."

"मग तेव्हा का नाही विचारलंत, रिबीन कुठल्या टोकाला म्हणून?"

थाप मारावी असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण मारवेना. "लाज वाटली, माई."

"लाज," ती म्हणाली. "तुम्हाला लाज वाटली, आणि मी त्याला मातीसुद्धा द्यायला गेले नाही. परक्यांनी पुरला त्याला, तिकडेच खाणीपाशी."

तो कागद शोधू लागला. दुरुस्ती आजच पाठवतो, कोर्टाची मुदत गेली आहे तरी पाठवतो, असं काहीबाही बोलत होता.

"कोर्ट गेलं खड्ड्यात. कागद लिहा. मला वाचता येत नाही. खाणीकडे शनिवारी बस असते. तुम्ही माझ्याबरोबर यायचं, त्याच्या थडग्यापाशी उभं राहायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. आपल्या बोलीत."