अठ्ठावीस जर्नलं आणि एक

वर्गात तिला मीटरबाई म्हणत. जुन्या मीटरच्या काट्यामागे आरशाची पट्टी असते. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आल्याशिवाय आकडा वाचू नये, हे पहिल्या वर्षी सांगितलेलं एकट्या तिनेच मनावर घेतलं. एक डोळा मिटून ती अशी वाकायची, की पोरं विचारायची, बाई, काटा तुला डोळा मारतोय का? बाकी कुणाला ही उठाठेव नको होती. इलेक्ट्रिकलच्या त्या लॅबमध्ये वरच्या वर्गाची जर्नलं खालच्या वर्गाकडे वारसाहक्काने येत, रीडिंगांसकट. मशीन चालू करायचं, घरघर ऐकायची आणि आकडे जुन्या जर्नलातून उतरवायचे.

शेवटच्या वर्षी ट्रान्सफॉर्मरच्या प्रयोगाला तिच्यासोबत तिची मैत्रीण होती. चार वर्षं दोघींचं टेबल एक, कॅल्क्युलेटर एक, डबाही एक. पूर्ण लोडवर दोनशे सोळा व्होल्ट आले. मैत्रिणीने स्वतः वाकून पाहिलं आणि म्हणाली, "सोळाच आहे गं."

आठवड्याने सरांनी जर्नलं तपासली. अठ्ठावीस जणांचे दोनशे चोवीस, मीटरबाईचे सोळा. सरांनी तिला उभं केलं. मनचे आकडे लिहिणाऱ्याला सही नाही, आणि सही नाही तर परीक्षा नाही. घरी वायरमन वडील येईल त्याला लेकीच्या परीक्षेची तारीख सांगत सुटले होते. तरी ती घाबरली नाही. साक्षीदार शेजारीच बसला होता ना!

"हिने पाहिलंय सर," ती म्हणाली.

मैत्रीण खाली बघत हळूच म्हणाली, "आम्हाला चोवीसच आलं होतं सर. हिने नंतर काय लिहिलं, मला नाही माहीत."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मीटरबाईला सरांचा राग आला नाही, वर्गाचाही नाही. चार वर्षांचा डबा मात्र घशाशी आला.

शेवटी तोंड उघडलं ते लॅब असिस्टंटने. दाराशी उभ्या उभ्या त्याने सांगितलं, की सुट्टीत त्या ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग बदलून आणलीय, आता चोवीस येणं शक्यच नाही. सरांनी सगळ्यांदेखत मशीन लावलं. सोळा! मीटरबाईला सही मिळाली. अठ्ठावीस जणांना प्रयोग पुन्हा करायला लावला, आणि त्या रागात वर्गाने तिच्याशी बोलणं टाकलं. खरं बोलल्याचं बक्षीस, दुसरं काय.

संध्याकाळी मैत्रिणीने तिला जिन्यात गाठलं. डोळे रडून सुजले होते.

"सगळ्यांचं चोवीस होतं गं. मी एकटी काय करणार होते?"

"एकटी कशी?" मीटरबाई म्हणाली. "मी होते ना."