दोन शिखरं आणि मामांची कपाशी

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला? चहा घ्या आणि हसा खुशाल. मला मात्र अजून हसू येत नाही.

कपाशीची ती वाईट वर्षं. मी अमरावतीला रसायनशास्त्रात पीएचडी करत होतो. पाच वर्षं झाली, हाती भोपळा! काम काय, तर आरशातले जुळे रेणू वेगळे करायचे. डावा हात, उजवा हात असतात ना, तसे. कोळशाच्या भुकटीने भरलेली बारीक नळी, तिला विजेची तार जोडायची, आतून द्रावण सोडायचं. वीज बरोबर बसली की जुळे मागेपुढे बाहेर पडतात, कागदावर दोन शिखरं उमटतात. माझ्या कागदावर सदान्‌कदा एकच!

अशात अकोल्याहून मामा आले. पिशवीत फवारणीची बाटली.

"पाहून दे बाप्पा, दवा असल हाय का नकली? दोनदा मारली, अळी मरूनच नाई राह्यली."

बाटलीवर नाव होतं ते औषध नेमकं जुळ्या रेणूंचं! म्हटलं, मामांचंही काम होईल, माझंही. सोडलं नळीतून. आणि काय! दोन शिखरं! जुळं सापडलं, म्हणजे दवाही अस्सल. मी धावतच फोनचा बूथ गाठला.

"मामा, माल एक नंबर हाय! बिनधास्त मारा!"

"पक्कं ना? पुऱ्या वावरात मारतो मंग."

"अवो, मशीननं सांगतलं!"

चार दिवसांनी माझे गाइड सर गावाहून परतले. मी पेढे घेऊन हजर. सरांच्या हातून पेढा निसटला. ते उचलायला वाकले, ते वाकलेलेच राहिले.

"ही तार कुठली रे?"

नळीची तार टेबलाखाली लोंबत होती. मी ती जोडलीच नव्हती!

"विजेशिवाय जुळे वेगळे होत नाहीत," सर म्हणाले. "ही दोन निराळीच रसायनं आहेत. बाटलीत भेसळ आहे."

पुन्हा बूथवर पळालो. फोन मामीने घेतला. "फवारनी तं कालच झाली ना!"

महिन्याभराने मामा आले. कपाशी हातची गेली होती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी रुमालातून एक बोंड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. आत जाडजूड अळी वळवळत होती.

"हे ठेव तुह्यापाशी," मामा म्हणाले. "मशीन लावाच्या आंधी हिले इचारत जाय."